बँकेचा एनआरआय वेगळा, आयकराचा वेगळा

खानापूर घ्या, निपाणी घ्या नाहीतर बेळगावातली कुठलीही गल्ली. दुबई, मस्कत किंवा दोह्याला गेलेलं एक तरी पोरगं निघतंच. ते विमानात बसलं की घरचे सांगत सुटतात, ‘आता तो एनआरआय, इथला टॅक्स संपला.’ हे निम्मंच खरं. एनआरआय कोण हे दोन कायदे ठरवतात आणि त्यांचं एकमेकांशी जमतंच असं नाही.

बँक चालते फेमावर, म्हणजे 1999 च्या परकीय चलन कायद्यावर. नोकरीसाठी देश सोडला की त्या दिवसापासून तुम्ही बँकेच्या लेखी अनिवासी. म्हणून जुनं बचत खातं तसंच रेटता येत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासीचं इथल्या कमाईचं खातं, करून घ्यावं लागतं. तिकडचा पगार एनआरई, म्हणजे परदेशी कमाईच्या खात्यात. इथलं घरभाडं, कारखान्याचं उसाचं बिल एनआरओत. बँकेचं प्रकरण एवढ्यावर मिटतं.

आयकर खातं दिवस मोजतं, 1 एप्रिल ते 31 मार्च. नोकरीसाठी बाहेर पडलेला भारतीय नागरिक त्या वर्षात 182 दिवस किंवा जास्त भारतात राहिलेला असेल तर तो निवासीच. आणि हा निकाल अख्ख्या वर्षाला लागू होतो. अर्धं वर्ष निवासी, अर्धं अनिवासी असली सोय नाही.

समजा, पोरगं 10 डिसेंबरला दुबईला गेलं. बँकेत ते त्याच दिवशी एनआरआय. पण एप्रिलपासूनचे 254 दिवस इथं भरलेले, त्यामुळे आयकराच्या हिशेबात वर्षभर निवासी. म्हणजे मार्चपर्यंत दुबईत मिळालेला पगारसुद्धा इथल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. तिकडे पगारावर आयकरच नाही, मग भरलेल्या कराची वजावट तरी कशाची मागणार? हेच पोरगं गणपती उरकून सप्टेंबरच्या मध्याला गेलं असतं आणि मार्चपर्यंत परतलं नसतं, तर तो पगार इथल्या करातून सुटला असता. जॉइनिंगची तारीख पुढं-मागं होणार असेल तर तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आयकरातही अनिवासी ठरलात, तरी भारतातलं उत्पन्न सुटत नाही. टिळकवाडीतलं घर भाड्यानं दिलं असेल तर भाडेकरूनं 30 टक्के कर आणि वर सेस (उपकर) कापून भाडं द्यायचं असतं, भाडं कितीही कमी असो. किती भाडेकरूंना हे ठाऊक असतं ते विचारू नका. एनआरओच्या व्याजावरही तेवढीच कपात. जास्तीचं कापलेलं परत हवं तर रिटर्न भरायला हवा. नव्या करप्रणालीतली ‘12 लाखांपर्यंत टॅक्स नाही’ ही सवलत फक्त निवासींना. अनिवासीची करमुक्त मर्यादा 4 लाखांवरच थांबते. शेतीचं उत्पन्न मात्र आयकरमुक्त. घर कर्नाटकात, पै-पाहुणे कोल्हापुरात असले तरी आयकर केंद्राचा. निदान इथं तरी सीमाप्रश्न आड येत नाही.

सुट्टीवर येणाऱ्यांनाही मुक्काम 182 दिवसांच्या आतच ठेवावा लागतो. भारतातलं उत्पन्न 15 लाखांवर असेल तर मात्र 120 दिवसांपासूनच जपावं लागतं.

परतताना हाच गोंधळ उलटा होतो. वर्षानुवर्षं महिन्याभराच्या रजेपुरता येणारा माणूस फेब्रुवारीत कायमचा परतला, तर दिवस कमी भरल्यामुळे आयकरात त्या वर्षी तो अनिवासीच राहतो. बँकेच्या कायद्यानं मात्र आल्या दिवसापासून निवासी. एनआरईच्या व्याजावरची करमाफी आयकराच्या दिवसांवर नाही, फेमातल्या दर्जावर चालते. म्हणजे परतल्या दिवसापासूनच्या व्याजावर कर लागतो, खात्यावरची एनआरईची पाटी बदलायची राहिली असली तरी.