टाइमलाइन सेटिंग (व्हिडिओ संपादन)

टाइमलाइन सेटिंग : व्हिडिओचे संपादन सुरू करताना टाइमलाइनसाठी, म्हणजे क्लिप ओळीने मांडायच्या पट्टीसाठी, चित्राचे माप, सेकंदाला फ्रेम म्हणजे स्थिर चित्रे किती (फ्रेम रेट), रंगपद्धती कोणती आणि आवाजाचा सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे नमुने) किती, याची केलेली निवड. काही सॉफ्टवेअरमध्ये तिला सिक्वेन्स किंवा प्रोजेक्ट सेटिंग म्हणतात. फुटेज एकाच कॅमेऱ्याचे असले आणि फाइलही त्याच मापात द्यायची असली, तर काही ठरवावे लागत नाही. पहिली क्लिप टाकताच सॉफ्टवेअर तिचे माप उचलायला तयार असते. घोटाळा होतो तो ही पहिली क्लिप कुणा पाहुण्याच्या मोबाइलची निघाली की.

मराठवाड्यात हा प्रश्न बहुतेक लग्नाच्या कामात पडतो. ट्रॅडिशनल शूटिंगचा कॅमेरा २५ फ्रेमवर, सिनेमॅटिकवाल्याचा ५० वर, ड्रोन ३० वर आणि मारुतीच्या देवळाकडे निघालेला नवरदेवाचा परण्या भाच्याच्या मोबाइलवर. द्यायचे काय, तर टीव्हीवर बघायला पेनड्राइव्ह, रिसेप्शनच्या एलईडी वॉलसाठी एक फाइल आणि एक उभी रील.

माप द्यायच्या फाइलवरून ठरवावे, फ्रेम रेट मात्र ज्याचे फुटेज जास्त त्याच्यावरून. माप मागाहून बदलता येते. फ्रेम रेटचे तसे नाही : दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फुटेज आत घेतल्यावर प्रोजेक्टचा टाइमलाइन फ्रेम रेट कुलूपबंद होतो. भारतात २५ सोयीचा, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. २५ फ्रेमबरोबर सहसा ठेवल्या जाणाऱ्या १/५० सेकंदाच्या शटरवर मंडपातले दिवे सहसा लुकलुकत नाहीत. ५० फ्रेमचे फुटेज २५ वर नीट बसते, आणि निम्म्या वेगाने चालवले तर अक्षता संथ, सफाईदार पडताना दिसतात. ३० चे फुटेज तसेच टाकले तर दर सहा फ्रेममागे एक गळते आणि कॅमेरा फिरताना चित्र अडखळते. ड्रोनच्या दृश्यात आवाज जुळवायचा नसतो, म्हणून ती क्लिप २५ चीच आहे असे सॉफ्टवेअरला सांगावे. वेग ८३ टक्क्यांवर येतो, पण वरून दिसणाऱ्या मंडपाचे त्याने काही बिघडत नाही.

मोबाइलचे दुखणे वेगळे. त्याचा फ्रेम रेट बहुधा स्थिर नसतो, त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये क्लिप लांबली की बँडचा ठोका आणि नाचणाऱ्यांचे पाय हळूहळू वेगळे पडतात. अशी क्लिप आधी हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्यावी. आयफोन १२ पासूनच्या फोनवर एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त पल्ला टिपणारी पद्धत) चालू राहिले असेल, तर रेक ७०९ च्या, म्हणजे नेहमीच्या एचडी टीव्हीच्या रंगपद्धतीच्या, टाइमलाइनवर पांढरे सदरे जळाल्यासारखे दिसतात. रंगरूपांतर केल्याशिवाय उजेड कमी-जास्त करत बसणे व्यर्थ.

चित्रण ४के असले तरी टीव्हीसाठी १०८०पी (१९२०×१०८०) टाइमलाइन पुरते, किंबहुना तीच बरी. ४के म्हणजे ३८४०×२१६० च्या चित्रात दुपटीने जवळ जाता येते : अंतरपाटासमोर एकच कॅमेरा असला तरी एक शॉट पूर्ण मंडपाचा आणि दुसरा नवरीच्या चेहऱ्याचा मिळतो. रीलसाठीही ४के कामी येते. त्यातून ९:१६ ची उभी पट्टी १२१५ पिक्सेल रुंद निघते आणि लागतात १०८०. १०८०पी मधून तीच पट्टी जेमतेम ६०७ ची निघते, मग ताणलेले चित्र मऊ पडते. १०८०पी फुटेज ४के टाइमलाइनवर फुगवून ‘४के लग्न’ म्हणून देण्याची पद्धत आहे. त्याने फाइल जड होते, बारकावा वाढत नाही.

जुन्या कॅसेटवरचे ७२०×५७६ चे ४:३ चित्र १६:९ मध्ये ताणू नये, आजोबा विनाकारण रुंद होतात. बाजूला काळ्या पट्ट्या राहू द्याव्यात.

एलईडी वॉलचे माप ठरलेले नसते. असा पडदा पेट्या जोडून बनतो. ३.९१ मिमी पिचच्या (दोन ठिपक्यांतले अंतर) अर्ध्या मीटरच्या चौरस पेटीत १२८×१२८ ठिपके असतात. म्हणजे ६ × ३ मीटरचा पडदा १५३६×७६८ चा, २:१ प्रमाणाचा. त्यावर १६:९ ची फाइल रुंदीला भरून दाखवली की वरून-खालून चित्र कापले जाते, आणि वरून पहिला जातो तो नवरदेवाचा फेटा. म्हणून पेट्या आडव्या किती आणि उभ्या किती, हे पडदा लावणाऱ्याला फोन करून विचारावे आणि त्या मापाची वेगळी टाइमलाइन करावी.