वार्धक्यातील पदरचा आरोग्यखर्च

विमा किंवा सरकारी योजना असूनही उपचार घेताना रुग्णाला स्वतःच्या खिशातून जे पैसे मोजावे लागतात, तो पदरचा आरोग्यखर्च. डॉक्टरांची फी, तपासण्या, औषधे आणि विम्यातला स्वतःचा वाटा त्यात येतो. जाण्यायेण्याचा खर्च आणि सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज बहुधा त्यात धरत नाहीत. आधाराशिवाय चालता न येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला मात्र तोच आधी आठवतो.

उतारवयात उत्पन्न ठरावीक असते आणि आजार कायमचे असतात, म्हणून दुखणे अंगावर काढले जाते. रक्तदाब दुखत नाही, त्यामुळे काटकसर त्याच्या गोळ्यांपासून सुरू होते. दहा गोळ्यांची पट्टी वीस दिवस पुरवायची म्हणून गोळी अर्धी केली जाते. काही गोळ्यांतले औषध हळूहळू सुटावे अशी त्यांची घडण असते. त्या मोडल्या की बरेचसे औषध एकदम अंगात जाते. हे डॉक्टरांना सांगायचा संकोच वाटतो. तपासणीत रक्तदाब चढा दिसतो, डॉक्टर औषध वाढवतात आणि खर्चही वाढतो.

रुग्णाने काही वाटा उचलला की अनावश्यक उपचार कमी होतात, असा विमा योजनांचा जुना युक्तिवाद आहे. अमेरिकेतल्या रँड संस्थेने १९७०च्या दशकात सुरू केलेल्या प्रयोगात वापर खरोखरच घटला, पण गरजेचा आणि बिनगरजेचा दोन्ही. त्या प्रयोगात ६२ वर्षे वा त्यापुढच्या वयाचे लोक घेतलेच नव्हते. त्याचे निष्कर्ष वृद्धांना सरसकट लावणे चूकच आहे.

वृद्धांबाबतचा पुरावा वेगळाच निघाला. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९९६मध्ये त्यांच्यावर औषधखर्चाचा वाटा वाढवला, तेव्हा अत्यावश्यक औषधांचा वापर सुमारे ९ टक्क्यांनी घटला आणि तातडीच्या विभागातल्या फेऱ्या वाढल्या. अमेरिकेत मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्य विम्यातील खासगी कंपन्यांच्या योजनांवरील २०१०च्या अभ्यासात, बाह्यरुग्ण भेटीचे शुल्क वाढवल्यावर दर १०० सदस्यांमागे वर्षाला सुमारे २० भेटी कमी झाल्या, पण रुग्णालयात भरती होण्याचे प्रसंग सुमारे २ने वाढले. भरतीचा खर्च भेटीच्या कितीतरी पट असतो.

यावर एक उपाय म्हणजे खर्चाला कमाल मर्यादा घालणे. मेडिकेअरमध्ये २०२३पासून इन्सुलिनसाठी महिन्याला ३५ डॉलर अशी मर्यादा आली आणि २०२५पासून औषध योजनेतील औषधांसाठी वार्षिक मर्यादा आली; २०२५मध्ये ती २,००० डॉलर होती. वार्षिक मर्यादा गाठेपर्यंतचा वाटा मात्र रुग्णालाच भरावा लागतो.