गावरान टोमॅटो (पुणे परिसर)

घरचेच बी वर्षानुवर्षे धरून टिकवलेले टोमॅटोचे वाण. ‘गावरान’ हे विशेषण इथे जरा गमतीचेच, कारण मूळ पीक परके. त्याचे रानटी पूर्वज पेरू-इक्वाडोरकडचे. मोठ्या फळांची लागवड रुजली मेक्सिकोत, आणि नाव आले तिथल्या नाहुआत्ल भाषेतून. भारतात ते पोर्तुगिजांबरोबर आले असे मानतात. विदर्भात आजही त्याला भेदरे म्हणतात.

वाणाचे मूळ शोधायचे म्हणजे बी कुणाच्या हातून कुणाकडे गेले ते शोधायचे. अमेरिकेत १९९० साली टोमॅटोचे जुने वाण जपणाऱ्या क्रेग लेहूलिए यांना टपालाने एक बी आले. चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीकडून ते शंभरेक वर्षांपूर्वी मिळाल्याचे सोबत कळवले होते. ‘चेरोकी पर्पल’ हे नाव लेहूलिए यांनीच दिले. तिथेही पुरावा सांगोवांगीचा, पण निदान कागदावर उतरलेला. आपल्याकडे ‘सासूबाईंकडचं बी’ एवढ्यावर वंशावळ संपते. शिवाय ‘पुसा रुबी’सारखा दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेचा सरळ (म्हणजे संकरित नसलेला) वाण घरात वीस वर्षे धरला की तोही गावरानच म्हटला जातो. पातळ साल, आंबटपणा, खाचांचे चपटे फळ एवढ्यावर जुनेपणा ठरवणे धाडसाचे.

टोमॅटोत बहुधा स्वपरागण होते, म्हणून सरळ वाणाचे बी आईसारखेच उतरते; संकरिताचे उतरत नाही. पूर्ण पिकलेल्या फळाचा गर दोन-तीन दिवस आंबवतात. त्याने बियांवरचा, उगवण रोखणारा बुळबुळीत थर सुटतो. मग धुऊन, तरंगणारे पोचट बी फेकून, उरलेले सावलीत वाळवतात आणि राखेत ठेवतात.

जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावच्या बाजारात २० किलोच्या क्रेटमधून माल लांब जातो. तिथे जाड सालीचा, टणक संकरित टोमॅटोच चालतो. पातळ सालीचे फळ परसात किंवा पुण्यातल्या एखाद्या गच्चीवरच टिकते.

जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बियाणे बँक उभी केली. १९६७ मध्ये उरुळी कांचनला सुरू झालेल्या ‘बायफ’ या ग्रामविकास संस्थेची त्यांना साथ मिळाली. २०२० च्या पद्म यादीत त्यांचे नाव आले. वाल, भात, भाजीपाला असा त्यांचा पसारा. टोमॅटो त्यातला धाकटा.

२००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवघेवीचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क दिला. शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदणीही होते, मात्र झाडे पुरेशी एकसारखी असावी लागतात. त्या अटीत सूट आहे, तरी एकाच वाफ्यात तीन आकारांची फळे धरणारे बी तिथे अडते.