ग्रुपमधून मिळणारा डेटाबेस प्रवेश आणि त्याचे ऑडिट : पार्श्वभूमी

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यातल्या सहकारी बँका, पतसंस्था आणि कारखान्यांच्या सिस्टीम ऑडिटमध्ये एक शेरा ओळखीचा झाला आहे : लॉगिनची यादी दिली, माणसांची दिली नाही. संस्था एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस प्रणालीवरून यादी काढून फाइलला लावते. तिच्यात 'अकाउंट्स', 'शाखा-वाचन', 'सपोर्ट' अशी विंडोज ग्रुपची, म्हणजे वापरकर्त्यांच्या गटांची, नावे असतात. त्या ग्रुपमध्ये आज कोण आहे, हे त्या कागदावरून समजत नाही, कारण सदस्यत्वाची नोंद डोमेन कंट्रोलरवर, म्हणजे संस्थेच्या सगळ्या विंडोज वापरकर्त्यांची नोंद सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, असते. डेटाबेस सांभाळणारा एक, डोमेन सांभाळणारा दुसरा. दोषदुरुस्ती अहवालात उत्तर मात्र पहिल्यालाच लिहावे लागते. हा अन्याय आजचा नाही.

एसक्यूएल सर्व्हरच्या ६.५ आवृत्तीपर्यंत विंडोजचे वापरकर्ते डेटाबेसच्या लॉगिनशी जोडून दिले जात. इंटिग्रेटेड (विंडोजच्या ओळखीवरच प्रवेश देणाऱ्या) पद्धतीत सर्व्हरचा अॅडमिनिस्ट्रेटर आत आला की तो 'एसए', म्हणजे डेटाबेसचा सर्वाधिकारी, म्हणूनच ओळखला जाई. १९९८ च्या ७.० आवृत्तीने विंडोज ग्रुपला थेट लॉगिन देण्याची सोय केली आणि आत आल्यावर माणसाचे स्वतःचे नाव टिकू लागले. ही मोठी सुधारणा होती. २००० साली अॅक्टिव्ह डिरेक्टरी (डोमेनमधल्या वापरकर्त्यांची आणि ग्रुपची नोंदवही) आली तेव्हा ग्रुपमध्ये ग्रुप घालण्याची मोकळीकही वाढली.

खरा वाद एका ग्रुपवरून झाला, आणि आजच्या बहुतेक शेऱ्यांचे मूळ त्यातच आहे. २००५ च्या आवृत्तीपर्यंत इन्स्टॉलेशन करताना 'बिल्टइन अॅडमिनिस्ट्रेटर्स' हा त्या मशीनचा स्थानिक ग्रुप आपोआप 'सिसअॅडमिन' या सर्वाधिकाराच्या भूमिकेत जात असे. कोणी मंजुरी देत नसे, कोणी अर्ज करत नसे. मशीन डोमेनला जोडले की 'डोमेन अॅडमिन्स' हा ग्रुप त्या स्थानिक ग्रुपमध्ये आपोआप बसतो. म्हणजे डोमेनवर पासवर्ड रीसेट करण्यापुरता नेमलेला माणूस सोयीसाठी डोमेन अॅडमिन केला गेला असेल, तर ठेवीदारांच्या खात्यांवरही त्याचा पूर्ण ताबा होता. त्याच्या नावाची एकही ओळ डेटाबेसमध्ये नसे. 'सिसअॅडमिन'ला डिनाय (मनाईचा आदेश) लागू होत नाही, त्यामुळे एखादे टेबल त्याच्यापुरते बंद करण्याचा उपायही नव्हता.

हा ग्रुप काढून टाका, असा सल्ला जाणकार देत होतेच. तो अमलात आणणे मात्र सोपे नव्हते. क्लस्टरवर (एक बंद पडले तर दुसरे काम घेईल अशा जोडमशीनवर) चालणाऱ्या २००० च्या आवृत्तीत क्लस्टर सर्व्हिसचे खाते सर्व्हर जिवंत आहे की नाही हे याच ग्रुपच्या वाटेने तपासत असे. त्या खात्याला आधी स्वतंत्र लॉगिन न देता ग्रुप काढला की तपासणी फसायची आणि चालू असलेला डेटाबेस बंद समजला जायचा. अशा ठिकाणी ग्रुप परत जोडला गेला आणि 'याला हात लावू नका' हा अलिखित नियम पुढच्या माणसाला वारशात मिळाला.

२००८ च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने डीफॉल्ट बदलला. नव्या इन्स्टॉलेशनमध्ये 'सिसअॅडमिन' कोण, ते सेटअपच्या वेळीच नाव घेऊन सांगावे लागू लागले. विंडोज सांभाळणाऱ्यांना हे रुचले नाही. डेटाबेसचा माणूस नोकरी सोडून गेला, 'एसए'चा पासवर्ड कोणालाच माहीत नाही, मग काय, असा त्यांचा सवाल. तो खोटा नव्हता, पण त्याचे उत्तर प्रणालीतच होते : सर्व्हर सिंगल-यूजर पद्धतीने चालू केला तर मशीनचा अॅडमिनिस्ट्रेटर आजही 'सिसअॅडमिन' म्हणून आत येऊ शकतो. फरक इतकाच की त्यासाठी सेवा बंद करावी लागते आणि ती गोष्ट लपत नाही. लपून राहणारा अधिकार काढून दिसणारा ठेवला, म्हणून हा निर्णय बरोबरच होता. २०१२ च्या आवृत्तीत लोकल सिस्टीमचे, म्हणजे विंडोज स्वतः वापरते ते, खातेही याच न्यायाने 'सिसअॅडमिन'मधून वगळले गेले.

एक कमतरता मात्र राहिली. बदल फक्त नव्या इन्स्टॉलेशनपुरता होता. जुन्या सर्व्हरवर अपग्रेड चढवला की जुना ग्रुप जसाच्या तसा पुढे येतो. २००५ मध्ये आपोआप मिळालेला अधिकार त्या वाटेने कितीही पुढच्या आवृत्तीत सापडू शकतो.

यादी काढायची साधने जुनी आहेत, पण अर्धवट. 'एक्सपी_लॉगइनइन्फो' या एसक्यूएल सर्व्हरमधल्या आज्ञेला ग्रुपचे नाव आणि 'मेंबर्स' हा पर्याय दिला की सदस्य दिसतात, पण एकच पातळी. आत दुसरा ग्रुप असेल तर त्याचे फक्त नाव येते आणि तो पुन्हा उलगडावा लागतो. युनिव्हर्सल (अनेक डोमेनांत चालणाऱ्या) ग्रुपची माहिती ती देतच नाही. उलट बाजूने एका माणसाचे नाव आणि 'ऑल' दिले तर 'परमिशन पाथ' या रकान्यात तो कोणकोणत्या ग्रुपमधून आत येतो ते ओळीओळीने दिसते. माझ्या मते ऑडिटच्या फाइलला हा कागद लागलाच पाहिजे. एखाद्या क्लार्कचे नाव टाकल्यावर एकाच माणसासमोर तीन वाटा उमटतात, आणि त्यातली एक बंद केली म्हणजे काम झाले हा समज तिथेच गळून पडतो. वाट बंद केल्यावरही आधीचे जोडलेले सेशन चालूच राहते, आणि त्याच्या मशीनवरचे, डोमेनने दिलेले ओळखीचे तिकीट नेहमीच्या सेटिंगमध्ये १० तासांपर्यंत जुनेच सदस्यत्व सांगत राहू शकते.

नोंद ठेवण्याचे अंगही उशिराच सुधारले. यशस्वी लॉगिनची नोंद डीफॉल्टने होत नाही, फक्त फसलेल्यांची होते. २००८ मध्ये आलेली ऑडिटची सोय एंटरप्राइज या महाग प्रकारापुरती होती. सर्व्हर पातळीवर ती २०१२ मध्ये सगळ्यांना मिळाली. कोणी कोणते टेबल वाचले हे सांगणारी डेटाबेस पातळीवरची सोय २०१६ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपर्यंत थांबली. तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेला एंटरप्राइज परवडणे शक्य नव्हते, त्यामुळे तोवरच्या वर्षांचा माग तिथे शोधूनही मिळणार नाही. शिवाय या नोंदीत माणसाचे नाव येते, तो कोणत्या ग्रुपमुळे आत आला ते येत नाही. ग्रुपमध्ये कोणी कोणाला घातले ते डोमेन कंट्रोलरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये ४७२८, ४७३२, ४७५६ या क्रमांकांखाली असते, आणि तो लॉग भरला की जुन्या नोंदी पुसल्या जातात.

आपल्याकडे हा विषय २०१८ नंतर ऐरणीवर आला. त्या ऑगस्टमध्ये पुण्यातल्या एका सहकारी बँकेच्या एटीएम आणि 'स्विफ्ट' (परदेशी पैसे पाठवण्याच्या) यंत्रणेवर हल्ला होऊन ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली. त्याचा ग्रुप सदस्यत्वाशी संबंध जोडण्याचे कारण नाही, पण संचालक मंडळे त्यानंतर सर्व्हरबद्दल प्रश्न विचारू लागली. ऑक्टोबर २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट आणली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला चार स्तरांची सविस्तर चौकट दिली.

या दोन परिपत्रकांच्या मधे २०१९ चा महापूर आला. कृष्णेचे पाणी पेठांत शिरले तेव्हा काम चालू ठेवायचे तर सर्व्हर हलवणे, बाहेरच्या सपोर्टवाल्यांना तातडीने आत घेणे, हे करावेच लागते, आणि त्याचा सर्वांत जलद मार्ग म्हणजे माणूस ग्रुपमध्ये टाकणे. टाकताना फोन पुरतो. काढण्यासाठी मात्र कोणाला तरी आठवण राहावी लागते. मुदत संपताच सदस्यत्व आपोआप सुटण्याची सोय विंडोज सर्व्हर २०१६ पासून आहे, पण त्यासाठी सगळे डोमेन कंट्रोलर त्या पातळीला आणावे लागतात. जुन्या मशीनवर चालणाऱ्या संस्थांना ती कागदावरच राहिली.

एसक्यूएल सर्व्हर २०१२ चा सपोर्ट १२ जुलै २०२२ ला आणि २०१४ चा ९ जुलै २०२४ ला संपला. त्यामुळे अनेक सर्व्हर हलवावे लागत आहेत आणि हलवताना जुनी लॉगिन ग्रुपसकट स्क्रिप्टने उचलून नव्या मशीनवर ठेवण्याची पद्धत आहे. २०२२ च्या आवृत्तीत क्लाउडवरच्या डिरेक्टरीतल्या ग्रुपलाही लॉगिन देता येते. म्हणजे सदस्यांची नोंद आता संस्थेच्या इमारतीतही असेल असे नाही, आणि यादीवर सही कोणाची, डेटाबेसवाल्याची की डोमेनवाल्याची, हा प्रश्न अजून बहुतेक संस्थांच्या धोरणात लिहिलेला नाही.