बर्फात गाडी थांबवतं ते रबर

कॅनडात किंवा जर्मनीत नव्याने स्थायिक झालेल्या आपल्या माणसांना पहिल्या हिवाळ्याच्या तोंडावर एक खर्च हमखास अंगावर येतो, चार हिवाळी टायरांचा. गाडी नवी आहे, टायरची नक्षी शाबूत आहे, शिवाय फोर-व्हील ड्राइव्ह घेतली आहे, मग हे आणखी कशाला, असं वाटणं साहजिक आहे. पण टायर गोटा झालेला नसला म्हणजे तो थंडीला चालेल असं होत नाही. अर्धं काम नक्षी करते, उरलेलं अर्धं रबराचं मिश्रण करतं, आणि ते मिश्रण वरून पाहून कळत नाही.

रबर म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या लांबच लांब रेणूंच्या साखळ्या. या साखळ्या हलू शकतात तोवर रबर डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखलपणात घुसतं, दबतं, पुन्हा उसळतं. या दबण्या-उसळण्यात जी ऊर्जा खर्ची पडते, तिच्यातून पकडीचा मोठा वाटा येतो. तापमान उतरलं की साखळ्या सुस्तावतात. आता नैसर्गिक रबर काचेसारखं कडक व्हायला उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जावं लागतं. मग उन्हाळी टायर अधिक ७ अंशांखालीच भरवशाचा का राहत नाही?

याचं कारण मला या साऱ्या विषयातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो. ब्रेक दाबल्यावर चाक रस्त्यावर किंचित घसटत असतं, आणि रस्त्यावरचे सूक्ष्म उंचवटे रबराला सेकंदाला हजारो, कधी लाखो वेळा दाबतात आणि सोडतात. इतक्या झपाट्यात साखळ्यांना हलायला सवडच मिळत नाही. रबराच्या लेखी फार जलद धक्का आणि फार कडक थंडी यांत फरक नाही. दोन्हींनी ते ताठरतं. त्यामुळे अंगणात उभ्या गाडीचा टायर बोटाला मऊ लागला, तरी ब्रेकच्या क्षणी तोच टायर कितीतरी कडक झालेला असतो. हिवाळी टायरमध्ये म्हणून नैसर्गिक रबर जास्त घालतात आणि काजळीच्या जोडीला भरपूर सिलिका मिसळतात, जेणेकरून शून्याखालीही लवचीकपणा टिकावा. ७ हा आकडा ठोकळमानाने धरायचा. त्या अंशाला एकदम काही बिघडत नाही.

भुसभुशीत हिमात वेगळाच हिशेब. बर्फाचा गोळा करताना जे घडतं तेच इथे घडतं, हिम हिमाला चिकटतं. नक्षीच्या रुंद खाचांत हिम दाबून भरलं जातं आणि ते रस्त्यावरच्या हिमात रुतून जोर देतं. नक्षीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक रेघा असतात, त्यांना साइप म्हणतात. रबरी तळावर अशा चिरा पाडण्याचं पेटंट अमेरिकेत जॉन साइप यांनी १९२३ मध्ये घेतलं, त्यांचंच हे नाव. भार पडला की या चिरा उघडतात आणि त्यांच्या शेकडो कडा जमिनीला धरतात.

टणक बर्फावर मात्र कसोटी लागते. शून्याच्या जवळ बर्फावर पाण्याचा अतिशय पातळ थर असतो. थंडी वाढेल तसा तो कमी होतो, म्हणून उणे २ अंशांचा रस्ता उणे २० अंशांच्या रस्त्यापेक्षा जास्त निसरडा असू शकतो. जपानमध्ये टायरला लोखंडी खिळे ठोकायची पद्धत होती, पण खिळ्यांनी रस्ते उकरून शहरांत धुळीचे लोट उठू लागले आणि १९९० मध्ये त्याविरुद्ध कायदा झाला. त्याच सुमारास तिथल्या कंपन्यांनी सूक्ष्म छिद्रांचं रबर आणलं, जे हा पाण्याचा थर शोषून बाजूला करतं.

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यावर कोरड्या डांबरावर साधारण १२ मीटरमध्ये थांबते. घर्षण गुणांक, म्हणजे पकड किती ते सांगणारा आकडा, ०.८ वरून दाबलेल्या हिमावरच्या ०.२५ पर्यंत उतरला की अंतर ४० मीटरच्या घरात जातं, आणि बर्फावर ०.१ धरला तर जवळजवळ १०० मीटर. फोर-व्हील ड्राइव्ह या हिशेबात कुठेच येत नाही. ती गाडी सुटायला मदत करते. थांबायला तिलाही इतर गाड्यांसारखाच टायर लागतो.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह शोधा. ते हिमावरच्या पकडीची ठरावीक चाचणी पार केल्याशिवाय लावता येत नाही. 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) ही अक्षरं मात्र उत्पादक नक्षीवरून स्वतःच टाकतो. जर्मनीत हिवाळी रस्त्यांसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसती ती अक्षरं ग्राह्य धरत नाहीत. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. डोंगराचं चिन्ह टणक बर्फाबद्दल मात्र काही सांगत नाही. त्यासाठी युरोपात २०२१ पासून टायरच्या लेबलवर वेगळं चिन्ह असतं. फिनलंड किंवा क्युबेकसारख्या ठिकाणी जास्त मऊ, दाट साइपांचा नॉर्डिक प्रकार घ्यावा. म्युनिकमध्ये ओला डांबरी रस्ता आणि महामार्गाचा वेग जास्त वाट्याला येतो, तिथे मध्य युरोपीय प्रकार बरा.

टायर चारही बदला. फक्त पुढचे बदलले तर वळणावर मागचा भाग भरकटतो. नक्षीची खोली ४ मिलिमीटरच्या खाली गेली की तो हिवाळ्यासाठी संपला असं समजा. ऑस्ट्रियात हिवाळी टायरला तेवढी किमान खोली कायद्यानेच लागते. वसंत आला की ते उतरवा, कारण मऊ रबर गरम रस्त्यावर भराभर झिजतं. थंडीत हवा आकुंचन पावते आणि दर ५-६ अंशांना सुमारे १ पीएसआय दाब घटतो, तेव्हा महिन्यातून एकदा तरी हवा तपासा.

आपल्याकडून स्वतःची गाडी घेऊन मनालीला किंवा गुलमर्गला हिवाळ्यात जाणारे बरेच असतात. आपल्या गाड्यांचे टायर उष्ण रस्त्यांसाठी बनवलेले असतात. त्यामुळे टंगमर्गहून गुलमर्गला चढताना बर्फ असेल तर चाकांना बर्फासाठीच्या लोखंडी साखळ्या लावाव्याच लागतात. त्या इंजिनाची ताकद मिळणाऱ्या चाकांना लावायच्या, म्हणजे बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या. वेग ताशी ३०च्या आत ठेवायचा, आणि डांबर उघडं दिसू लागलं की थांबून काढून टाकायच्या. स्थानिक टॅक्सीचालक रस्ता बंद म्हणाला, तर गाडी खालीच ठेवावी.