कूलंट (मोटारगाडीचं): पातळी बघणं आणि भर टाकणं

इंजिनाच्या आतल्या वाटांमधून आणि रेडिएटरमधून सतत फिरत राहणारं द्रव मिश्रण. यात पाणी, ग्लायकॉल आणि गंज थांबवणारी रसायनं असतात. मुंबईत अजूनही कित्येक जण याला सरळ 'रेडिएटरचं पाणी' म्हणतात, आणि ते कमी पडून काटा वर गेला की 'गाडी हीट मारतेय'. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग या मिश्रणातून बाहेर टाकावा लागतो. छोट्या गाडीत हे सगळं मिळून चार ते सहा लिटर भरतं, म्हणजे अर्धा लिटर कमी झालं तरी ती चिल्लर गोष्ट नाही.

याचं जुनं नाव अँटीफ्रीझ, म्हणजे गोठू न देणारं, आणि त्या नावाने आपल्याकडे बराच घोळ घातलाय. सांताक्रूझला नोंदलं गेलेलं सगळ्यात कमी तापमान ७.४ अंश, २२ जानेवारी १९६२ चं. इथे गोठायचा प्रश्नच येत नाही, मग साधं पाणी का नको, हा प्रश्न अगदी रास्त आहे. खरं तर निव्वळ उष्णता वाहून न्यायच्या कामात साधं पाणीच सरस, निम्मं-निम्मं मिश्रण त्याच्यापेक्षा साधारण १५ टक्के कमी उष्णता धरतं. फायदा दुसरीकडे आहे. एक म्हणजे उकळबिंदू वर जातो (खुल्या हवेत सुमारे १०७ अंश, आणि एक बार म्हणजे हवेच्या दाबाएवढा जादा दाब धरणाऱ्या झाकणाखाली १२९ च्या आसपास), आणि दुसरं म्हणजे अॅल्युमिनियमचं हेड (इंजिनाचा वरचा भाग), पंप, रेडिएटर आतून खाल्ले जात नाहीत. मुंबईपुरतं बोलायचं तर दुसरं कारण जास्त वजनदार, पहिलं कसारा घाटात कळतं.

मुख्य घटक एथिलीन ग्लायकॉल. तो पहिल्यांदा फ्रेंच रसायनज्ञ शार्ल-अदॉल्फ वुर्त्झने बनवला यावर वाद नाही, सालावर आहे. बरेच संदर्भग्रंथ १८५६ देतात, काही १८५९. दोन्हीला आधार आहे, कारण १८५६ मध्ये त्याने फ्रेंच विज्ञान अकादमीच्या वृत्तांतात छोटं टिपण दिलं, त्यात एथिलीन आयोडाइडवर सिल्व्हर अॅसिटेटची क्रिया करून मिळालेला पदार्थ पुढे पोटॅशने फोडून ग्लायकॉल काढला होता, आणि सविस्तर निबंध मात्र १८५९ चा. एथिलीन ऑक्साइडला पाणी लावून ग्लायकॉल काढण्याचं कामही १८५९ च्या आगेमागेचंच, आणि आजचे कारखाने चालतात ते याच वाटेने, त्यामुळे उद्योगाच्या बाजूने लिहिणारे ते साल धरतात. पदार्थ पहिल्यांदा हाताला कधी लागला एवढंच विचारायचं असेल तर १८५६ धरणं बरं. 'ग्लायकॉल' हे नाव ग्लिसरीन आणि अल्कोहोल यांचं जोडनाव आहे, गुणांनी तो या दोघांच्या मधला म्हणून. पुढे पन्नासेक वर्षं त्याला कुणी फार विचारलं नाही. पहिल्या महायुद्धात जर्मनीत स्फोटकांसाठी ग्लिसरीनच्या जागी वापर झाला, अमेरिकेत मोठं उत्पादन १९२५ च्या सुमारास, आणि गाडीसाठी डबाबंद विक्री १९२७ पासून. त्याआधी थंड देशांत लोक मिथेनॉल घालायचे, जे गरम झालं की उडून जायचं.

रेडिएटरचा इतिहास इथे थोडक्यात. विल्हेल्म मायबाखने मधमाशीच्या पोळ्यासारखा, आठ हजारांवर बारीक चौकोनी नळ्यांचा रेडिएटर केला, तो मर्सिडीज ३५ एचपीवर १९०० च्या शेवटी आला आणि १९०१ मध्ये गाजला. पूर्ण बंद, बाटलीवाली (जास्तीचं द्रव बाटलीत जाऊन परत येणारी) प्रणाली सर्वसामान्य गाडीत आणण्याचा मान बहुतेक ठिकाणी १९६१ च्या रेनॉ ४ ला दिलाय.

मुंबईत साध्या पाण्याची सवय टॅक्सीने रुजवली असं म्हणायला हरकत नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातली फिएट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, पाण्यावर दशकानुदशकं चालली, डिकीत पाण्याचा कॅन असायचाच, आणि बोरघाट चढताना बॉनेट उघडून कडेला उभी फिएट दिसली नाही असं सहसा व्हायचं नाही. त्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि रेडिएटर तांब्या-पितळेचा, महिन्याला पाणी बदललं की भागायचं. शेवटची नोंदणी असलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली, सवय काही गेली नाही. आजची इंजिनं मात्र बहुतेक अॅल्युमिनियमची आणि रेडिएटरच्या नळ्या कागदासारख्या पातळ.

पाण्याबद्दल एक शब्द. तानसा, भातसा, वैतरणाचं नळाचं पाणी तलावाचं, त्यामुळे तसं मऊच, पण त्यात क्लोरीन असतं. खरा त्रास टँकर आणि बोअरिंगच्या पाण्याचा, समुद्राजवळच्या बोअरिंगला तर चक्क खारटपणा, आणि क्लोराइड अॅल्युमिनियमला टोचून टोचून भोकं पाडतं. म्हणून डिस्टिल वॉटर, जे पेट्रोल पंपावर बॅटरीचं पाणी म्हणून मिळतं. घरच्या एसीतून ठिबकणारं पाणी बादलीत धरून गाडीत घालणारे प्रत्येक सोसायटीत एक तरी काका असतात. त्यात क्षार कमी हे खरं, पण कॉइलवरची धूळ, शेवाळ, धातूचे अंश सगळं आलं, त्यापेक्षा बॅटरीचं पाणी स्वस्तात पडतं.

पातळी बघायची ती इंजिन थंड असताना, शक्यतो सकाळी गाडी चालू करण्याआधी, आणि सपाट जागेवर. गल्लीत दोन चाकं फुटपाथवर चढवून लावलेली गाडी असेल तर कूलंटच्या बाटलीतलं द्रव एका बाजूला झुकतं आणि आकडा खोटा दिसतो. बाटली अर्धपारदर्शक असते, वर मॅक्स खाली मिन अशा दोन रेघा. जुन्या गाडीत ती पिवळी पडून काहीच दिसत नाही, तेव्हा मागून मोबाइलचा टॉर्च लावायचा आणि गाडीला खांद्याने हलकं हलवायचं, हलणारी रेघ लगेच डोळ्यात भरते. एवढ्यासाठी झाकण उघडायची गरज नसते.

बाटल्या दोन जातीच्या, आणि हा फरक गॅरेजवाले गृहीत धरतात म्हणून कुणी सांगत नाही. एका प्रकारात प्रेशरचं झाकण रेडिएटरवर असतं आणि बाजूची बाटली नुसती साठवणीची, तिच्यात दाब नसतो. गरम झाल्यावर जास्तीचं द्रव बाटलीत येतं, थंड झाल्यावर झाकणातल्या छोट्या उलट व्हॉल्व्हमधून परत ओढलं जातं. तो व्हॉल्व्ह बिघडला किंवा मधली रबरी नळी चिरली तर बाटली भरलेली दिसते आणि रेडिएटर आतून रिकामा, म्हणून या गाड्यांत अधूनमधून थंड असताना रेडिएटरचं झाकणही उघडून बघावं. दुसऱ्या प्रकारात बाटलीच दाबाखाली असते, रेडिएटरला झाकणच नाही. तुमची कुठली हे झाकणावर बघितलं की कळतं: ०.९, १.१ असा आकडा किंवा धोक्याची खूण ज्या झाकणावर असेल ते दाबवालं.

दाबवालं झाकण गरम असताना उघडायचं नाही, यात कुठल्याच लेखकाचं दुमत नाही. कारण कुकरचंच. आत द्रव ११० अंशांवर दाबाखाली गप्प बसलेलं असतं, झाकण सैल होताच दाब उतरतो, त्यातल्या थोड्या भागाची क्षणात वाफ होते, आणि पाण्याची वाफ साधारण १६०० ते १७०० पट जागा मागते, ती बाकीचं उकळतं द्रव घेऊन तोंडावर येते. अर्धा-पाऊण तास थांबावं, वरचा होज पाइप फडक्यातून दाबून बघावा, टणक लागला तर अजून थांबा. मग जाड फडकं टाकून पाव फेरा, फुस्स आवाज पूर्ण बंद होईपर्यंत हात तिथेच, मग बाकीचा फेरा, चेहरा बाजूला. पंख्याजवळ बोटं नेऊ नयेत, काही गाड्यांत चावी काढल्यावरही तो स्वतःहून सुरू होतो. आणि उकळलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नये, हेड वाकतं किंवा तडकतं. हायवेवर काटा चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल, काचा खाली, मे महिन्यात अंधेरीच्या सिग्नलला हे करणं म्हणजे शिक्षाच, पण हीटरही छोटा रेडिएटरच असतो आणि कडेला लागेपर्यंत तो कामाला येतो.

भर टाकताना मॅक्सच्या रेघेच्या वर जायचं नाही, गरम होऊन फुगायला जागा लागते. डबा रेडीमिक्स (पाणी आधीच मिसळलेलं) आहे की कॉन्सन्ट्रेट (पाणी मिसळून वापरायचं) हे वाचावं. कॉन्सन्ट्रेट सहसा निम्मं-निम्मं, पण आपल्याकडच्या उष्ण हवेसाठी ३० टक्के कूलंट आणि ७० टक्के पाणी सांगणारी मॅन्युअलंही आहेत, तिथे मॅन्युअलचं ऐकावं. नुसतं कॉन्सन्ट्रेट ओतलं म्हणजे जास्त चांगलं असं नाही.

रंगावर मात्र मतं फाटतात. हिरवा म्हणजे जुन्या पद्धतीचा सिलिकेटवाला, लाल-केशरी म्हणजे सेंद्रिय आम्लांचा ओएटी, अशी समजूत पूर्वी बऱ्यापैकी खरी होती. सिलिकेट सगळ्या धातूवर पटकन थर धरतं आणि दोनेक वर्षांत संपतं, सेंद्रिय आम्लं फक्त जिथे गंज सुरू होतोय तिथे काम करतात म्हणून पाच वर्षं टिकतात. त्यात युरोपी कारखान्यांना फॉस्फेट नको, कारण कठीण पाण्यात त्याची खपली बसते, आणि जपानी कारखान्यांना सिलिकेट नको, पंपाच्या सीलसाठी. पण रंग हा फक्त रंग आहे, तो कुठल्याच मानकाने बांधलेला नाही, हिरवा ओएटीही बाजारात आहे. दोन जाती मिसळल्या की लगेच जेली होते असं एक मत आहे, दुसरं मत असं की बहुतेक वेळा जेली-बिली होत नाही, फक्त दोघांचंही आयुष्य घटतं. दुसरं अनुभवाला जास्त धरून वाटतं, तरी डब्यावरचं मानक (आयएस ५७५९, एएसटीएम डी३३०६, जेआयएस के २२३४ यांपैकी) मॅन्युअलशी जुळवून घ्यावं. काहीच हाताशी नसेल तर थोडं डिस्टिल वॉटर टाकून गॅरेज गाठणं हे चुकीचं कूलंट टाकण्यापेक्षा बरं.

वर्षभरात किंचित उतरणं चालतं. महिन्याभरात मॅक्सवरून मिनवर आलं तर ते कुठेतरी जातंय. गाडीखालचं स्वच्छ, बिनवासाचं पाणी एसीचं, मुंबईच्या दमट हवेत ते धो धो गळतं आणि उगाच धसका बसतो. बोटाला चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. पार्किंगमधले उंदीर नळ्या कुरतडतात, तेही बघावं. बाहेर काहीच गळत नाही, धुराड्यातून पांढरा धूर थांबत नाही आणि ऑइलची काडी दुधाच्या चहासारखी निघतेय, म्हणजे हेड गॅस्केट (हेडखालची सीलपट्टी) गेलं, मग भर टाकत बसू नये.

एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड, म्हणून कुत्री-मांजरी चाटतात. शरीरात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होऊन मूत्रपिंड बंद पडतं. कुणी प्यायलं तर लक्षणांची वाट न बघता हॉस्पिटल, उतारा असतो पण तो वेळेत लागतो. जुनं कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ठेवू नये आणि रस्त्याकडेच्या गटारात तर नाहीच, पावसाच्या पाण्याची ती वाट नाल्यातून समुद्राकडे जाते. गॅरेजमध्ये कॅन नेऊन द्यावा. बिल्डिंगमधली मांजरं थंडीत गरम इंजिनाखालीच झोपतात, त्यामुळे सांडलेलं आधी फडक्याने पूर्ण टिपावं, मग ती जागा भरपूर पाण्याने धुवावी, आणि फडकं पिशवीत गाठ मारून कचऱ्यात.