विटेत साठलेला काळ

जुन्या वास्तूचे वय विचारले की ‘कार्बन डेटिंग करा’ हे उत्तर आपल्याकडे तयारच असते. ही पद्धत लागू पडायची तर पदार्थात हवेतून शोषलेला कार्बन हवा; भाजलेल्या विटेत तो शोधायचा कुठे?

दक्षिण स्वीडनमधील स्कोने प्रांतातले गुम्लोसा हे खेडे याबाबतीत नशीबवान आहे. तिथल्या विटांच्या चर्चचा अभिषेक आर्चबिशप अब्सालोन यांनी 1191 मध्ये केल्याची लेखी नोंद आहे. त्या काळी हा प्रांत डेन्मार्कच्या राज्यात होता आणि वीट भाजण्याची कला तिथे नुकतीच रुजत होती. गावोगावच्या इतर अनेक चर्चना असा कागद लाभलेला नाही. मग दंतकथा पुढे येतात: याच प्रांतातले लुंडचे कॅथेड्रल फिन नावाच्या राक्षसाने बांधले म्हणे! हेमाडपंती देऊळ पांडवांनी एका रात्रीत उभारले, असे सांगणाऱ्या आपण त्यांना हसू नये.

कागद नसला तरी वय विटेलाच विचारता येते. विटेच्या मातीत गारगोटीचे बारीक कण असतात. माती व परिसरातील युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांच्या किरणोत्सारामुळे त्या कणांतले इलेक्ट्रॉन जागचे उठतात आणि स्फटिकातील दोषांत अडकून पडतात. भट्टीच्या आचेने हे सापळे पूर्ण रिकामे होतात. वीट थंड झाली की पुन्हा भरू लागतात. प्रयोगशाळेत मंद लाल उजेडात हे कण वेगळे काढून तापवले, की सुटलेले इलेक्ट्रॉन क्षीण प्रकाश देतात. त्यावरून भट्टीनंतर साठलेली किरणोत्साराची मात्रा कळते आणि तिला दरवर्षी मिळणाऱ्या मात्रेने भागले की वय मिळते. उदाहरणार्थ, साठा 2.5 ग्रे (किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक; 1 ग्रे म्हणजे 1000 मिलिग्रे) आणि वार्षिक मात्रा 3 मिलिग्रे असेल, तर वय सुमारे 833 वर्षे. भिंतीतील ओलावा काही किरणोत्सार अडवत असल्याने तोही हिशेबात धरावा लागतो, आणि एवढे करूनही काही दशकांची चूक उरतेच.

मात्र हे वय भट्टीचे असते, भिंतीचे नव्हे. इंग्लंडमधील एसेक्सच्या कित्येक मध्ययुगीन चर्चमध्ये रोमन काळातील विटा पुन्हा वापरल्या आहेत. त्या रोमन वयच सांगणार. बांधकामाचा काळ हवा असेल, तर दोन विटांमधला चुना पाहावा लागतो. चुना घट्ट होताना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतो आणि तिथे कार्बन-14, म्हणजे कार्बन डेटिंगमध्ये मोजला जाणारा किरणोत्सारी कार्बन, खरोखरच उपयोगी पडतो. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील मध्ययुगीन दगडी चर्चचा काळ ठरवताना चुन्याचा हाच गुण कामी आला.